कोपराखालची जागा

दिवसभर मी परक्यांचे दात घासते.
म्हणजे, तोंडात नसलेले.
शेफिल्डच्या पूर्वेला, कालव्याच्या काठी,
एका बुटक्या लॅबमध्ये
फिरत्या चाकावर, ओल्या भुकटीत,
एकेक कवळी चमकेपर्यंत.
कुणाची ते कळत नाही.
डबीवर फक्त नंबर असतो.

संध्याकाळी घरी येऊन पुन्हा तेच:
फडकं, बोटं, गोल गोल.
बेस गिटार घेऊन अकरा दिवस झाले.

दुकानातल्या कॅलमला म्हटलं होतं, शिकायचंय.
त्यानं माझ्या पिकलेल्या केसांकडे पाहिलं नाही,
हातांकडे पाहिलं.
म्हणाला, बोटं चालतील.
सेहेचाळीस वर्षांत या बोटांना
एवढंसुद्धा कुणी म्हटलं नव्हतं.
मी लगेच कार्ड काढलं.

रंग काळपट लाल, भिजलेल्या आमसुलाचा.
चार तारा. सगळ्यात जाड ती जवळजवळ सुतळीच.
बोटांखालची पट्टी शिसवी,
तिला लिंबाचं तेल लावायचं
वर्षातून दोनदा, कॅलमनं बजावलं होतं.
माझं तीनदा लावून झालंय.

अजून दोनच सूर येतात.
तिसरा येतो कधीमधी, न कळवता.
जाड तार छेडली की
कानाला उशिरा कळतं,
आधी बरगड्यांना.
आणि तिसऱ्या पडद्यावर बोट दाबलं
की कपाटातली एक बशी, नेमकी तीच, थरथरते.
उठून तिला सरकवलं.
आता दुसरी थरथरते.

म्हणून खरं सांगायचं तर
वाजवते कमी, पुसतेच जास्त.
पुसताना माझं चुकत नाही.
ठसा दिसला की फडकं.
फडक्याचा धागा दिसला की फुंकर.
फुंकरीची वाफ बसली की पुन्हा फडकं.
ठसे सगळे माझेच.
घरात दुसरं आहे कोण.

रविवारी खालच्या मिसेस स्टॅनिफोर्थ वर आल्या,
काठी टेकत, दर पायरीला थांबत.
दार उघडता उघडताच मी सॉरी म्हटलं.
पण त्यांना ऐकू येतच नाही फारसं.
"रात्री माझा पलंग गुणगुणतो," म्हणाल्या,
"कोण ते बघायला आले."

दाखवली.
काय म्हणतात या आवाजाला, त्यांनी विचारलं.
खर्ज, मी म्हटलं, मराठीतच.
त्यांनी मान डोलावली,
चष्मा कपाळावर सरकवला
आणि गिटार दिव्याखाली तिरपी धरली,
अगदी मी कवळी धरते तशी.
"रेघा राहिल्यात. गोल गोल घासतेस ना?"

पंधराव्या वर्षी लागल्या होत्या चमचे घासायला.
डोक्याला लाल रुमाल,
पायांना तपकिरी कागद गुंडाळून,
वाळू नि तेल दातांत कचकचेपर्यंत.
"लाखभर चमचे असतील.
एकानंही जेवले नाही मी.
आमच्या घरी पत्र्याचे होते."
त्या हसल्या.
मला जरा वेळ लागला.

मग खुर्चीत बसून त्यांनी बूट काढले,
मोजेही काढले,
आणि निळसर शिरांचे तळवे
जमिनीवर सपाट टेकवले.
"हं. चालू दे."

मी ते दोन सूर वाजवले.
पुन्हा ते दोन.
मग तिसरा आला.
बशी थरथरली.
मिसेस स्टॅनिफोर्थच्या पायाचा अंगठा
वर-खाली झाला,
तालात नव्हे, किंचित मागून,
जिना चढताना त्या येतात तसा.

त्या गेल्यावर फडकं हातात घेतलं.
गिटार दिव्याखाली तिरपी धरली.
वरच्या कडेला, जिथे माझा उजवा हात
कोपराखाली टेकतो,
तिथे घामाचा एक मंद पट्टा,
आमसुलावर मीठ फुलावं तसा.
बाकी सगळं पुसलं.
या वेळी सरळ, रेघ न सोडता.
तेवढी जागा राहू दिली.

फडकं धुवून वाळत घातलं.
उद्या सकाळी नंबर चारशे सतरा द्यायचाय,
वरचे पुढचे सहा दात.
कुणीतरी हसणार आहे त्यांनी.